बायकांचं बळ मोजायला १०४ वर्षं

डोक्यावर हंडा, कडेवर पोर. ओझं आपण पिढ्यान्‌पिढ्या वाहतो आहोत. ऑलिंपिकमध्ये मात्र वजन उचलण्याची स्पर्धा १८९६ साली सुरू झाली, ती फक्त पुरुषांसाठी. बायकांना तिथे जागा मिळाली २००० साली. म्हणजे १०४ वर्षांनी!

त्याच वर्षी सिडनीला आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्याची कर्णम मल्लेश्वरी उतरली. एका दमात ११० किलो डोक्याच्या वर नेले. मग आधी खांद्यापर्यंत आणि तिथून वर, असे १३० किलो उचलले. ब्राँझपदक मिळालं. ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री.

हे बळ एका दिवसात आलं नाही. त्याआधी १९९४ आणि १९९५ साली ती जगज्जेती झाली होती. त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता. आज जमेल तेवढं उचलायचं, अंगवळणी पडलं की थोडं वाढवायचं, मधे विश्रांती घ्यायची.

घरात कुणी म्हणेल, "दिवसभर राबतेस, वर व्यायाम कशाला?" तर आपण सांगू या, कामाचं ओझं आपल्यावर पडतं, व्यायामाचं वजन आणि विश्रांती आपण ठरवतो. गटाच्या बैठकीआधीचा अर्धा तास आपण त्यासाठीच ठेवू या.