कापूरहोळची धाराऊ आणि यादीतली अट

१/ पुणे-सातारा महामार्गावरून भोरचा रस्ता जिथे फुटतो, ते कापूरहोळ. पूर्वेस नारायणपूरमार्गे पुरंदर. तेथे १४ मे १६५७ रोजी संभाजीराजांचा जन्म झाला. पश्चिमेस डोंगरांपलीकडे वेल्ह्यातील राजगड. तेथे ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाईंचे निधन झाले. या दोन गडांमधल्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे या शंभूराजांच्या दूधआई, ही आठवण परंपरेने जपली आहे.

२/ आजचा अभ्यासक अशा घटनांची यादी संगणकावर करतो आणि पायथॉन या भाषेत ती पारखतो. त्या भाषेत जुन्या यादीवरून एका ओळीत नवी यादी घडवण्याची रीत आहे: लिस्ट कॉम्प्रिहेन्शन. त्या ओळीत अट कोठे ठेवली, यावर इतिहासातील साल बरोबर येते की चुकते, आणि माणूस यादीत उरतो की गळतो, हे ठरते.

३/ शकावली हीसुद्धा यादीच. भोर तालुक्यातील कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावलीत इ.स. १६१८ ते १६९७ या काळातील घटना शकवार नोंदल्या आहेत. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१ असा तिच्यात आहे. याचे इसवी साल कोणते?

४/ साधा नियम सर्वांस ठाऊक असतो: शकात ७८ मिळवा. परंतु शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि इसवी सन जानेवारीत. म्हणून वर्षाअखेरच्या माघ-फाल्गुनात येणाऱ्या घटनांसाठी ७९ मिळवावे लागतात. म्हणजे हा नियम मुळातच अटीचा आहे.

५/ सहा नोंदी घेऊ.
शिवजन्म: शके १५५१, फाल्गुन
शंभूजन्म: शके १५७९, ज्येष्ठ
सईबाईंचे निधन: शके १५८१, भाद्रपद
शिवाजी महाराजांचे निधन: शके १६०२, चैत्र
संभाजी महाराजांचा राज्याभिषेक: शके १६०२, माघ
संभाजी महाराजांचा मृत्यू: शके १६१०, फाल्गुन

६/ पहिली चूक, अटच नसणे:
[शक + ७८ फॉर शक, महिना इन नोंदी]
उत्तर येते १६२९, १६५७, १६५९, १६८०, १६८०, १६८८. सहापैकी तीन साले चुकली. पित्याचे निधन आणि पुत्राचा राज्याभिषेक एकाच इसवी सनात आले. वस्तुतः शक एकच असला, तरी पहिली घटना ३ एप्रिल १६८० ची आणि दुसरी १६ जानेवारी १६८१ ची.

(प्रत्यक्षात फॉर, इन, इफ, एल्स हे शब्द रोमन लिपीत आणि अंक इंग्रजीत टाइप करावे लागतात. 'शक', 'महिना', 'नोंदी' ही नावे मात्र पायथॉन ३ मध्ये देवनागरीतही चालतात.)

७/ दुसरी चूक, अट ओळीच्या शेवटी ठेवणे:
[शक + ७९ फॉर शक, महिना इन नोंदी इफ महिना >= ११]
येथे चैत्र १, माघ ११, फाल्गुन १२. उत्तर: १६३०, १६८१, १६८९. तिन्ही साले अचूक. पण नोंदी तीनच! शेवटची अट चाळणीसारखी असते: जे बसेल ते ठेवते, उरलेले गाळते. शंभूजन्म आणि सईबाईंचे निधन यादीतून गेले, आणि संगणकाने चकार शब्द काढला नाही.

८/ येथे कोणाला गाळायचे नाही. प्रत्येकाला त्याचे साल द्यायचे आहे. म्हणून अट पुढे येते आणि तिला 'नाहीतर'ची जोड मिळते:
[शक + ७९ इफ महिना >= ११ एल्स शक + ७८ फॉर शक, महिना इन नोंदी]
उत्तर: १६३०, १६५७, १६५९, १६८०, १६८१, १६८९. सहा आत, सहा बाहेर.

९/ या दोन अटींचे वय वेगळे आहे. 'अमुक अट पाळणाऱ्या घटकांचा संच' ही गणितातील जुनी लेखनपद्धती. न्यूयॉर्क विद्यापीठात जॅक श्वार्ट्झ यांनी घडवलेल्या सेटल भाषेने ती संगणकावर आणली. पायथॉनमध्ये लिस्ट कॉम्प्रिहेन्शन २००० साली आले, चाळणीसह. एका ओळीतले 'इफ-एल्स' मात्र २००६ मध्ये, २.५ या आवृत्तीत मिळाले. मधली सहा वर्षे लोक 'अँड-ऑर'च्या युक्तीवर भागवत. मधले मूल्य शून्य वा रिकामे असले, की तीही निमूटपणे चुकीचे उत्तर देई.

१०/ नियमालाही मर्यादा आहे. शिवकालीन नोंदींत पौष महिना डिसेंबर-जानेवारीच्या उंबरठ्यावर येतो. तेथे महिन्यावरून साल ठरत नाही. तिथी घेऊन जंत्रीच उघडावी लागते. (वरील तारखा जुन्या ज्यूलियन गणनेतील आहेत.)

११/ आता सातवी नोंद: धाराऊंची सेवा. ती एका दिवसाची घटना नव्हे, म्हणून तिला एक तिथी नाही. शक रिकामा, महिना रिकामा. रिकाम्या जागेची अंकाशी तुलना होत नाही, तेव्हा प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. नवशिका वैतागून ओळीच्या शेवटी 'इफ महिना' जोडतो. प्रोग्रॅम सुरळीत चालतो. सहा साले येतात, सहाही अचूक. धाराऊ मात्र यादीत नाहीत.

१२/ उपाय एका ओळीचा आहे. आधी महिना आहे का ते विचारावे. नसेल तर त्या जागी 'तिथीविना' लिहावे, असेल तर ७८-७९ चा हिशेब करावा:
['तिथीविना' इफ महिना इज नन एल्स शक + ७९ इफ महिना >= ११ एल्स शक + ७८ फॉर शक, महिना इन नोंदी]
सात आत, सात बाहेर.

१३/ राजांच्या जन्म-मृत्यूला तिथी असते, कारण ती लिहून ठेवणारे कोणी असते. दूध पाजणाऱ्या हातांची नोंद बहुधा तिथीविना राहते. म्हणून कोणतीही यादी चाळल्यावर आधी नोंदी मोजाव्यात, आणि ज्या गळाल्या त्यांची नावे वाचावीत. त्यांत एखादे नाव कापूरहोळचेही असेल.

#इतिहास #शिवकाल #कापूरहोळ