चांगला मल्ल आणि श्रेष्ठ मल्ल : अंतर नेमके कोठे पडते?

बेळगाव, निपाणी, चिकोडी आणि पलीकडचे कागल-कोल्हापूर हा सारा टापू कुस्तीच्या दृष्टीने एकच मुलूख आहे. मराठीत जिला तालीम म्हणतात तिलाच कानडीत गरडी म्हणतात. पण आतली तांबडी माती, लंगोट, हलगीचा कडकडाट आणि वस्तादाचा धाक दोन्हीकडे सारखाच. गावोगावच्या जत्रेनिमित्त येथे मैदाने भरतात आणि बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात लढणे हे आजही होतकरू पैलवानाला भूषण वाटते. या मुलखात चांगल्या मल्लांची कधीच वाण पडली नाही. मात्र ज्यांचे नाव दोन पिढ्यांनंतरही आदराने घेतले जाते, असे मल्ल मोजकेच. शरीर, मेहनत आणि खुराक जवळपास सारखा असताना हा फरक कशामुळे पडतो, याचा विचार येथे केला आहे.

अंगबळाची मर्यादा

सर्वसाधारण प्रेक्षक पैलवानाची पारख त्याच्या देहावरून करतो. रुंद छाती, जाड मान, भरदार मांड्या पाहिल्या की तो मनात निकाल लावून मोकळा होतो. अंगबळ आवश्यक आहे यात शंका नाही. जोर, बैठका, माती खणणे आणि रोजची लढत यांना पर्याय नाही. परंतु एका पातळीनंतर ताकद ही दोघांकडेही असते. गादीवरील कुस्तीत तर वजनगट असल्यामुळे देहाचा फायदा बराचसा नाहीसाच होतो. म्हणजे ताकद मल्लाला मैदानात आणून सोडते. पुढचे काम दुसऱ्याच गुणांचे असते.

हा अनुभव केवळ कुस्तीचा नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू संघाची सारी चाल ठरवतो. समोरून अंगावर येणाऱ्या बचावपटूंना पाहत, अवघ्या दोन-तीन सेकंदांत चेंडू कोणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावे लागते. टॉम ब्रॅडी याला २००० सालच्या खेळाडू-निवडीत १९९ वा क्रमांक मिळाला होता. त्याची धाव आणि देहयष्टी पाहून कोणी फारशी आशा धरली नव्हती. पुढे त्याने सात वेळा सुपर बोल जिंकला. फूटपट्टीने आणि घड्याळाने जे मोजता येत नाही, त्यातच श्रेष्ठत्वाचा मोठा वाटा असतो, हे त्या खेळालाही उशिरा उमगले.

पहिली खूण : स्पर्शाने वाचणे

सलामी झडली की खडाखडी सुरू होते. मनगटाला मनगट लागते, मानेवर हात पडतो, कपाळाला कपाळ भिडते. नवख्याला हा वेळकाढूपणा वाटतो. प्रत्यक्षात कुस्तीचा निम्मा निकाल येथेच लागत असतो. मान ओढली की समोरचा मल्ल मागे ताठ होतो की पुढे झुकतो? भार कोणत्या पायावर देतो? धक्का दिल्यावर पाऊल मागे घेतो की जागीच रुतून राहतो? या प्रश्नांची उत्तरे डोळ्यांपेक्षा तळहात आणि मान अधिक लवकर देतात.

चांगला मल्ल संधी दिसली की डाव टाकतो. श्रेष्ठ मल्ल संधी निर्माण करतो. त्याला दुहेरी पट काढायचा असेल तर तो आधी मान खाली ओढतो. प्रतिस्पर्धी वर उसळला की त्याचे पाय उघडे पडतात. प्रेक्षकांना पट दिसतो, त्याआधीची ओढ दिसत नाही. वस्तादाचे लक्ष मात्र त्या ओढीकडेच असते.

दुसरी खूण : डावामागे डाव

बहुतेक पैलवानांचा एखादा हुकमी डाव असतो. कोणाचा ढाक, कोणाची टांग, कोणाचा घिस्सा. पंचक्रोशीच्या मैदानांत तो पुरतोही. परंतु नाव झाले की त्या डावाची तोड प्रत्येक तालमीत शिकवली जाऊ लागते. येथे चांगल्या मल्लाची वाढ खुंटते. तोच डाव अधिक जोराने मारण्याचा तो प्रयत्न करतो आणि दमतो.

श्रेष्ठ मल्लाचा डाव एकटा नसतो. एकेरी पट काढताना समोरच्याने पाय मागे फेकून भार टाकला, तर तो पट सोडून बगलेतून मागे जातो आणि कब्जा घेतो. कब्जातून सुटण्यासाठी प्रतिस्पर्धी उठू लागला की त्याच उठण्याचा उपयोग करून त्याला उलटवतो. प्रत्येक तोडीत पुढच्या डावाचे बीज असते, हे त्याच्या अंगात मुरलेले असते. हा विचार मैदानात करण्यास वेळ नसतो. तो हजारो सरावांत आधीच करून झालेला असतो.

तिसरी खूण : नव्याने शिकण्याची तयारी

कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही परके होते. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मातीत चीतपट होईपर्यंत झुंजता येते, गादीवर क्षणाक्षणाला गुण जातात. मायदेशी परतल्यावर खाशाबांनी आपली कुस्ती या नव्या गणितात बसवली, वरच्या बँटमवेट गटात प्रवेश केला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांचा ढाक मातीतलाच होता. तो कोठे आणि केव्हा वापरायचा हे मात्र ते नव्याने शिकले.

शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर यांची कामगिरी याहून विलक्षण म्हणावी लागेल. १९६० चे हिंदकेसरी असलेल्या आंदळकरांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मुक्त शैलीत रौप्य आणि ग्रीको-रोमन शैलीत सुवर्ण मिळवले. ग्रीको-रोमन शैलीत कमरेखाली पकड करण्यास मनाई असते. म्हणजे पट आणि टांग हे आपल्या तालमीचे मुख्य भांडवलच बाद. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती माने यांनी मुक्त शैलीत सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य जिंकले. अर्धी हत्यारे काढून घेतली तरी जो लढू शकतो, त्याला कुस्तीचे मर्म कळले असे समजावे.

चौथी खूण : दम आणि मन

दम म्हणजे केवळ छातीतला श्वास नव्हे. थकल्यावर बुद्धी शाबूत राहणे, हा त्याचा खरा अर्थ. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशी याच्याशी दीर्घ लढत देऊन हरल्यानंतर खाशाबांना पुरेशी विश्रांती न देता सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेयोव याच्यासमोर उभे करण्यात आले. नियमाने मिळावयाची विश्रांती मागण्यास भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. ती लढत गेली. परंतु त्यापूर्वी मिळवलेले विजय कांस्यपदकासाठी पुरले. ज्येष्ठ मल्लाला अन्यायाचाही भार उचलावा लागतो, तो असा.

अलीकडील काळात बीड जिल्ह्यातील राहुल आवारे याने हेच दाखवून दिले. २०१६ च्या ऑलिंपिकची संधी हुकली, तरी २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य त्याने मिळवले. पराभवानंतर किंवा डावलले गेल्यानंतर पुढच्या पहाटे तालमीत कोण उतरतो, यावरून वस्ताद पुष्कळ काही ओळखतात.

सीमाभागाचा मानदंड : श्रीपती खंचनाळे

या साऱ्या गुणांचा आपल्या मातीतला मानदंड म्हणजे चिकोडी तालुक्यातील एकसंबा गावचे श्रीपती खंचनाळे. १९३४ मध्ये जन्मलेल्या खंचनाळे यांची जडणघडण कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत झाली. १९५९ मध्ये दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून ते देशाचे पहिले हिंदकेसरी झाले. उत्तरेकडील मल्लांचा त्या काळी मोठा दबदबा होता. अशा वेळी परक्या मैदानात, परक्या प्रेक्षकांपुढे मन स्थिर ठेवणे ही अंगबळापेक्षा अवघड गोष्ट होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत या जिल्ह्याच्या सुपुत्राने हा मान मिळवला आणि महाराष्ट्राने तो आपलाच मानून मिरवला. १४ डिसेंबर २०२० रोजी खंचनाळे यांचे निधन झाले, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंची तालीम पोरकी झाली. बेळगावच्या मैदानाचीही अशीच एक आठवण कुस्तीशौकीन सांगतात : दिल्लीच्या सतपालला हरिश्चंद्र बिराजदार यांनी येथेच नमवले. पुढे बिराजदार वस्ताद झाले आणि राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली घडला. श्रेष्ठत्वाचा वारसा असा माणसामाणसांतून वाहतो.

जोड कोणाशी?

मल्लाची खरी किंमत त्याने जिंकलेल्या कुस्त्यांच्या संख्येवरून ठरत नाही. त्या कोणाशी लढल्या यावरून ठरते. आपल्यापेक्षा हलकी जोड घेऊन गदा गोळा करणे सोपे असते. आधीच संगनमत करून खेळलेली नुरा कुस्ती तर प्रेक्षकांची फसवणूक आणि मल्लाचा आत्मघात आहे. हरण्याची भीती ज्याने अनुभवली नाही, त्याचे डाव खऱ्या लढतीत उपयोगी पडत नाहीत. श्रेष्ठ मल्ल हरण्याचा धोका पत्करून तगडी जोड मागतो.

पालक आणि वस्तादांसाठी

हा विचार केवळ शौकिनांसाठी नाही. सीमाभागातील अनेक शेतकरी कुटुंबे दूध, तूप, बदाम यांचा खर्च पोटाला चिमटा घेऊन करतात आणि मुलाला कोल्हापूर किंवा पुण्याच्या तालमीत ठेवतात. मुलाच्या आयुष्याची दहा-बारा वर्षे त्यात जातात. लवकर देह भरावा म्हणून कोणी सुचवलेल्या गोळ्या-इंजेक्शनांच्या मागे लागणे ही यातली सर्वांत महागडी चूक. त्याने शरीर बिघडते, उत्तेजक चाचणीत सापडल्यास कारकीर्द संपते, आणि मुळात श्रेष्ठत्व ज्या गुणांत आहे त्यांत तसूभरही भर पडत नाही.

मुलगा किंवा मुलगी पुढे जाईल का, हे पाहताना दंडाचा घेर मोजण्यापेक्षा काही साध्या गोष्टी पाहाव्यात. हुकमी डाव अडला की तो दुसरे काही शोधतो का? थकल्यावर त्याची चाल विसकटते की टिकते? हरल्यावर तो पंचांना दोष देतो, की वस्तादाला विचारतो? आपल्यापेक्षा वरचढ जोडीदाराशी सराव करण्यास तो स्वतःहून जातो का? यांची उत्तरे होकारार्थी असतील तर खुराकाचा पैसा सत्कारणी लागतो आहे असे समजावे. तशी ती नसतील, तर शाळा-कॉलेजचे शिक्षण न सोडता कुस्ती खेळू द्यावी. चांगला मल्ल होणे हीही काही लहान गोष्ट नव्हे. निरोगी शरीर, शिस्त आणि पराभव पचवण्याची सवय तालीम प्रत्येकालाच देते. हिंदकेसरीची गदा मात्र एखाद्याच्याच खांद्यावर येते.