ओष्ठवर्धनातील रोपणद्रव्ये : एक ऐतिहासिक आढावा

ओठांना उभारी देण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास हा प्रामुख्याने त्यासाठी वापरलेल्या द्रव्यांचा इतिहास आहे. १८९९ मध्ये व्हिएन्नातील शल्यविशारद रॉबर्ट गेर्सुनी यांनी रोगामुळे गमावलेल्या अवयवाची उणीव भरून काढण्यासाठी शरीरात पॅराफिन टोचले. लवकरच हे द्रव्य केवळ सौंदर्यासाठी चेहऱ्यातही टोचले जाऊ लागले. ते जागा सोडून सरके, त्याभोवती कठीण गाठी होत आणि ते काढणे दुरापास्त ठरे. पुढे द्रवरूप सिलिकोनच्या बाबतीतही याच अनुभवाची पुनरावृत्ती झाली.

१९८१ मध्ये अमेरिकेत गाईच्या कातडीपासून बनविलेल्या कोलॅजेनला मान्यता मिळाली. मात्र ते काही महिन्यांतच शरीरात विरून जाई. साहजिकच कायमस्वरूपी उपायाची ओढ वाढली. कृत्रिम रक्तवाहिन्यांसाठी वापरले जाणारे विस्तारित पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन १९९० च्या दशकात पट्ट्या व नळ्यांच्या रूपात ओठांत बसविले जाऊ लागले. त्यासाठी तोंडाच्या कोपऱ्यांशी लहान छेद घेऊन रोपण ओठातून ओढून घेतले जाई. ते पॅराफिनप्रमाणे पसरत नसे व काढताही येई. परंतु बोलताना, हसताना सतत हलणाऱ्या ओठात ते ताठर जाणवे. क्वचित जंतुसंसर्ग होई, वा ते त्वचेबाहेर येई.

२०११ मध्ये अमेरिकेत ओठांसाठी मान्यता मिळालेले हायलुरॉनिक आम्ल कालांतराने विरते आणि विशिष्ट विकराने विरघळविताही येते. सारांश, निरोगी व्यक्तीवरील शस्त्रक्रियेत टिकाऊपणापेक्षा परतीची वाट अधिक मोलाची असते, हे या शतकभराच्या वाटचालीतून स्पष्ट होते.