विद्युत मापनयंत्राची रेषीयता : रायगड जिल्ह्यातील चुंबकीय मापनाचा इतिहास आणि महाड-पोलादपूरच्या संदर्भात त्याचे महत्त्व

प्रस्तावना :
मोजावयाची राशी आणि यंत्राने दाखविलेले वाचन यांचे प्रमाण संपूर्ण मापनपल्ल्यात कायम राहत असेल, तर ते यंत्र रेषीय मानले जाते. प्रत्यक्ष आलेख सरळ रेषेपासून जास्तीत जास्त किती ढळतो, हे पूर्ण पल्ल्याच्या शेकडेवारीत सांगणे म्हणजे रेषीयतेची गणना होय. पदवीच्या वर्गात हा विषय बहुधा सूत्रापुरता राहतो. वस्तुतः दीर्घकालीन नोंदींची विश्वासार्हता त्यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या इतिहासातील उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर आणि रेषीयतेची गणना :
फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद पुइये यांनी 1837 मध्ये टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर तयार केला. त्यात विद्युतप्रवाह सुईच्या विचलनकोनाच्या नव्हे, तर त्या कोनाच्या टॅन्जंटच्या प्रमाणात असतो. कोनालाच प्रवाहाचे माप मानले तर काय होईल? 45 अंश हे पूर्ण वाचन धरून तेथील प्रवाह 1 मानला, तर 22.5 अंशांना प्रवाह 0.5 असावयास हवा. प्रत्यक्षात तो 0.414 असतो. शून्य आणि पूर्ण वाचन यांना जोडणाऱ्या रेषेपासून सर्वाधिक विचलन 27.6 अंशांच्या जवळ आढळते व ते सुमारे 9 टक्के भरते. शून्यातूनच जाणारी, पण विचलन दोन्ही बाजूंना समान वाटणारी रेषा घेतली, तर तेच यंत्र सुमारे 5.7 टक्के अरेषीय ठरते. म्हणून कोणती रेषा प्रमाण मानली हे सांगितल्याविना रेषीयतेचा आकडा अपुरा होय. पल्ला 5 अंशांपर्यंत मर्यादित ठेवल्यास मात्र विचलन सुमारे 0.1 टक्क्यावर येते.

या यंत्राचा गुणक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकावर अवलंबून असतो. महाड किंवा पोलादपूर येथील प्रयोगशाळेत प्रवाह काढावयाचा, तर हा घटक आधी ज्ञात असावा लागतो. त्याचे मापन याच जिल्ह्यातील अलिबाग येथे शतकाहून अधिक काळ चालू आहे. तेथे त्याचे मूल्य ढोबळमानाने 38,000 नॅनोटेस्ला आहे.

कुलाब्याहून अलिबागला :
मुंबईतील कुलाबा वेधशाळा 1826 मध्ये स्थापन झाली आणि 1841 पासून तेथे चुंबकीय वेध सुरू झाले. पुढे शहरात विजेवर चालणारी ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या प्रवाहामुळे सूक्ष्म नोंदी बिघडणार हे ओळखून नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय विभाग अलिबागला हलविण्यात आला. तेथील इमारतीसाठी पोरबंदरचा अचुंबकीय दगड वापरला गेला. 1904 ते 1906 या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले आणि त्यानंतर, 1907 मध्ये, मुंबईत विजेची ट्राम धावू लागली.

या दुहेरी वेधांचे महत्त्व मोठे आहे. दोन स्थानकांची वाचने एकाच काळातील असल्यामुळे त्यांचे परस्परसंबंध ठरविता आले व जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता आली. मूस यांनी 1846 ते 1905 या काळातील कुलाब्याच्या वेधांचे दोन खंड 1910 मध्ये प्रसिद्ध केले.

पल्ल्याच्या टोकाचा प्रश्न :
2 सप्टेंबर 1859 रोजी तीव्र चुंबकीय वादळात कुलाबा येथे क्षितिजसमांतर घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने घटल्याची नोंद आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या नोंदीकडे पुन्हा जगाचे लक्ष वेधले. टांगलेल्या चुंबकाचे विचलन मोजपट्टीवर वाचून त्यास गुणकाने गुणावयाचे, ही अशा यंत्रांची रीत होती. रोजचे चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचे असतात. लहान कोनात खरा ठरलेला गुणक अनेक पटींच्या विचलनातही खरा राहतो काय, याच्या उत्तरावर त्या आकड्याची किंमत अवलंबून असते. असाधारण घटना पल्ल्याच्या टोकाशी घडते आणि अंशांकन बहुधा मध्यभागी झालेले असते.

महाड-पोलादपूरच्या संदर्भात :
22 जुलै 2021 रोजी सावित्री व गांधारी नद्यांच्या पुराने महाड शहर जलमय झाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे व पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळून जीवितहानी झाली. नदीची पातळी मोजणारे विद्युत दाब-संवेदक सामान्यतः पातळीचे रूपांतर 4 ते 20 मिलिअँपिअर प्रवाहात करतात. शून्य पातळीस 4 आणि कमाल पातळीस 20 मिलिअँपिअर धरल्यास 12 मिलिअँपिअर म्हणजे निम्मी पातळी. हा हिशेब रेषीयता गृहीत धरूनच केलेला असतो. पूर पल्ल्याच्या वरच्या भागात येतो. तेथे पूर्ण पल्ल्याच्या 2 टक्के विचलन असेल, तर 15 मीटर पल्ल्याच्या यंत्रात 30 सेंटिमीटरची चूक होते. घराच्या उंबरठ्याशी पाणी पोचले असता हे अंतर क्षुल्लक राहत नाही.

निष्कर्ष :
1. रेषीयतेच्या आकड्यासोबत प्रमाण रेषा, मापनपल्ला व तपासणीचे बिंदू नमूद करणे आवश्यक आहे.
2. यंत्र वा स्थान बदलताना काही काळ जुन्या-नव्याचे एकत्रित वेध घेणे इष्ट होय. अलिबागचे उदाहरण यासाठी मार्गदर्शक आहे.
3. तपासणी पल्ल्याच्या वरच्या टोकापर्यंत झाली पाहिजे, कारण आपत्तीच्या वेळचे वाचन तेथेच येते. महाड-पोलादपूरसारख्या पूरप्रवण भागात पदवीच्या प्रात्यक्षिकांत ही तपासणी समाविष्ट केल्यास विद्यार्थ्यांना आपल्या परिसराच्या नोंदी डोळसपणे वाचता येतील.