एका सामन्याचा हंगाम

इ. स. १९११ च्या जुलै महिन्यात कलकत्त्याच्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा फुटबॉल संघ आय. एफ. ए. शिल्ड स्पर्धेच्या पहिल्या फेरीत उतरला आणि तीन विरुद्ध शून्य गोलांनी हरला. शिल्डपुरता त्याचा हंगाम एका सामन्यातच आटोपला. हरलेल्यांची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. तरीही आज आम्ही त्या सामन्यापासून आरंभ करीत आहोत. कारण ज्या संघाने झेवियर्सला हरविले, त्याच्या पुढील वाटचालीत आपणा ख्रिस्ती कुटुंबांनी विचारात घ्यावे असे काही दडलेले आहे.

हे महाविद्यालय बेल्जियन येशूसंघीयांनी फादर डेपेलशिन यांच्या नेतृत्वाखाली १८६० साली स्थापन केले. त्या काळच्या मिशनरी शिक्षणात वर्गाइतकेच मैदानालाही स्थान होते. आपल्या बाजूचेच उदाहरण घ्यायचे तर प्रकृतिस्वास्थ्यासाठी गोव्यात आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ साली शिवोली येथे मुलांना फुटबॉलची ओळख करून दिली. पुढे गोव्याच्या गावोगावी चर्चसमोरच्या पटांगणात हा खेळ रुजला. मोठ्या स्पर्धांवर मात्र गोऱ्या पलटणींचे वर्चस्व होते. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला, तो पहिल्याच वर्षी वूस्टर पलटणीने नेला. कलकत्त्याची शिल्ड १८९३ पासूनची. तिच्यावरही १९११ पर्यंत एकाही भारतीय संघाचे नाव कोरले गेले नव्हते.

झेवियर्सला हरविणारा संघ होता मोहन बागान. १८८९ साली स्थापन झालेल्या या क्लबचे खेळाडू, एक अपवाद वगळता, अनवाणी खेळत. झेवियर्सनंतर त्यांनी रेंजर्सला दोन विरुद्ध एक आणि रायफल ब्रिगेडला एक विरुद्ध शून्य असे नमविले. उपान्त्य फेरीत मिडलसेक्स पलटणीशी एक-एक अशी बरोबरी झाली. फेरसामना त्यांनी तीन गोलांनी जिंकला. २९ जुलै रोजी ईस्ट यॉर्कशायर पलटणीशी अंतिम सामना झाला. प्रेक्षकसंख्येचा अंदाज साठ ते ऐंशी हजारांपर्यंत नोंदला गेला आहे. मागे बसलेल्यांना खेळ दिसेना, म्हणून पतंग उडवून गोलसंख्या कळविली जात होती. पहिला गोल पलटणीने केला. अखेरच्या काही मिनिटांत कर्णधार शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयाचा गोल नोंदविला. हे घोष स्कॉटिश चर्चेस कॉलेजचे, म्हणजे मिशनरी महाविद्यालयाचेच विद्यार्थी होते.

आता त्या अपवादाविषयी. बचावफळीत डाव्या बाजूस बूट घालून खेळणारे सुधीर चॅटर्जी हे ख्रिस्ती होते. भवानीपूर येथील लंडन मिशनरी सोसायटीच्या महाविद्यालयात ते अध्यापन करीत. पुढे ते रेव्हरंड सुधीर चॅटर्जी म्हणून ओळखले गेले. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. पण ख्रिस्ती म्हणून ते आपलेच. त्यांच्यासमोर उभी असलेली पलटणही ख्रिस्ती म्हणविणारी होती. रविवारी ते आणि ते सैनिक एकाच प्रभूची प्रार्थना करीत असत. शनिवारच्या त्या सामन्यात मात्र ते आपल्या दहा हिंदू देशबांधवांसमवेत उभे होते. यात त्यांच्या श्रद्धेला बाध आला नाही आणि त्यांच्या सोबत्यांनाही त्यांचे बूट परके वाटले नाहीत.

या विजयाचे माहात्म्य वाजवीपेक्षा वाढविणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरात बंगालची फाळणी रद्द झाली, ती काही एका फुटबॉल सामन्यामुळे नव्हे. मुंबईतही लगेच काही पालटले नाही. १९२३ साली मोहन बागान रोव्हर्स चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि डरहॅम पलटणीकडून हरला. तो चषक भारतीय संघाच्या हाती आला १९३७ साली. जिंकणारा संघ होता बेंगळुरूचा ‘बंगलोर मुस्लिम्स’. तथापि राज्यकर्त्यांनी आणि मिशनऱ्यांनी आणलेला खेळ शिकणाऱ्यांचा झाला होता, हे १९११ मध्ये सर्वांना दिसले. विद्या देणाऱ्याची राहत नाही. ती घेणाऱ्याची होते.

लासलगावसारख्या कांद्याच्या बाजारपेठेत आपली घरे मूठभर. ‘तुमचा धर्म बाहेरचा’ हे वाक्य आपल्या मुलांच्या कानी शाळेत केव्हा तरी पडते आणि ती घरी येऊन गप्प बसतात. अशा वेळी त्यांना वादाचे मुद्दे पढवू नयेत, असे आम्हांस वाटते. सुधीर चॅटर्जींची गोष्ट मात्र जरूर सांगावी. धर्मग्रामांतील स्पर्धा आपण हौसेने भरवितो, त्या भराव्यातच. परंतु आपली मुले गावाच्या संघातही असावीत, गावाच्या पराभवात त्यांनीही हळहळावे. रविवारचा सामना असेल, तर मिस्सा सकाळी आहेच. मिस्सा आटोपून मुलगा मैदानाकडे धावत सुटला, तर आईवडिलांनी त्याला अडवू नये.