दांडूची निवड आणि वकट-लेंडची गणती

विटीदांडूविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात स्मरणरंजन फार असते आणि खेळ फार थोडा असतो. ‘हरवलेले बालपण’ या सदरात तो एकदा जमा झाला की त्याच्या नियमांकडे, साधनांकडे आणि शब्दांकडे कोणी गंभीरपणे पाहत नाही. प्रस्तुत लेखात एकच साधा प्रश्न घेतला आहे : दांडू कसा निवडावा? प्रश्न पोरकट वाटेल. पण त्याच्या उत्तरात शिरले की आपण एका बाजूला महाभारताच्या टीकेपाशी आणि दुसऱ्या बाजूला सोलापूरच्या तेलुगू-कन्नड-मराठी बोलींच्या सरमिसळीपाशी येऊन पोचतो.

आधी खेळाचा सांगाडा. जमिनीत एक लांबट खळगा, तो गल. गलावर आडवी ठेवलेली विटी दांडूच्या टोकाने दूर भिरकावायची, हे कोलणे. मग दांडू गलावर आडवा ठेवायचा आणि समोरच्या गड्याने पडल्या जागेवरून विटी फेकून त्या दांडूला मारायची. विटी दांडूला लागली की कोलणारा बाद. झेल गेला तरी बाद. यातून निभावला तर विटीच्या निमुळत्या टोकावर दांडू आपटून ती उडवायची आणि हवेतच टोला हाणायचा. विटी जिथे पडेल तिथून गलापर्यंतचे अंतर दांडूनेच मोजायचे. गावोगाव यात फरक आहेत, पण या शेवटच्या गोष्टीवर, म्हणजे मापावर, सगळा खेळ उभा आहे.

दांडूच्या निवडीचे सगळे शास्त्र येथेच सुरू होते. लांब, जड दांडूने टोला दूर जातो. पण तोच दांडू माप म्हणून जमिनीवर पडला की अंतर कमी भरते. एक उदाहरण घेऊ. विटी ४२ फुटांवर पडली आणि दांडू दीड फुटाचा असेल, तर २८ दांडू भरतात. तीच विटी तिथेच पडली आणि दांडू दोन फुटांचा असेल, तर २१. म्हणजे लांब दांडूवाल्याला २८ची बरोबरी करायची तर विटी ५६ फुटांवर, तिसऱ्या हिश्शाने अधिक लांब मारली पाहिजे. शिवाय कोलल्यानंतर गलावर आडवा ठेवलेला दांडू म्हणजे प्रतिपक्षाचे लक्ष्य. दांडू जितका लांब, तितके ते लक्ष्य मोठे. टोल्याच्या वेळी जो मित्र, तोच मापाच्या वेळी आणि नेमाच्या वेळी वैरी. दोन्ही पक्ष एकाच दांडूने खेळत असतील तर हा पेच समसमान वाटला जातो. ज्याचा त्याचा दांडू असेल तर निवड हाच डावाचा पहिला भाग ठरतो.

क्रिकेटशी तुलना केली म्हणजे या रचनेचे महत्त्व ध्यानात येते. सप्टेंबर १७७१ मध्ये इंग्लंडात चर्टसी आणि हॅम्बल्डन यांच्या सामन्यात थॉमस व्हाइट नावाचा खेळाडू यष्टींच्या रुंदीएवढी बॅट घेऊन उतरला. प्रतिपक्षाने हरकत घेतली, आणि १७७४च्या नियमांत बॅटची रुंदी सव्वाचार इंचांपेक्षा अधिक नसावी असे कलम आले. तेथे साधन फक्त मारण्याचे काम करते; धावा वेगळ्या रीतीने मोजल्या जातात, म्हणून साधनाला बाहेरून लगाम घालावा लागला. विटीदांडूत असे कलम कोणाला लिहावे लागले नाही, कारण लगाम मोजणीतच आहे. खुशाल चार फुटांचा सोटा आणावा. आणणाऱ्याचेच गणित बिघडते. (ज्या सोलापुरात १९२६ साली पॉली उम्रीगरांचा जन्म झाला, त्या गावाविषयी लिहिताना क्रिकेटला नावे ठेवण्याचा अर्थातच हेतू नाही.)

मग योग्य लांबी कोणती? याचे सर्वांत जुने स्पष्ट उत्तर मला महाभारताच्या टीकेत सापडते, आणि तो टीकाकार मराठी आहे याचा आनंद वाटतो. आदिपर्वात कुरुकुमार नगराबाहेर खेळत असताना त्यांची ‘वीटा’ विहिरीत पडते आणि द्रोण ती दर्भाच्या काड्यांनी वर काढून देतात. लोकप्रिय कथनांत या वीटेचा चेंडू झाला आहे, आणि जुन्या अर्थकारांतही काहींनी गोलाकार वस्तूच मानली. परंतु नीलकंठ चतुर्धर, मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे, सतराव्या शतकात काशीत राहून ‘भारतभावदीप’ लिहिणारे, वीटेचा अर्थ वेगळा देतात : जवाच्या दाण्यासारखे दोन्ही टोकांना निमुळते, प्रादेशभर लांबीचे लाकूड, जे मुले हातभर दांड्याने उडवतात. महाभारतकाराच्या मनात हीच वस्तू होती की नाही, हा वेगळा वाद आहे. नीलकंठांच्या डोळ्यांसमोर मात्र विटीदांडूच होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. टीकाकार प्राचीन शब्दाला आपल्या अंगणातला अर्थ देतो, आणि त्यामुळे त्याच्या काळाचे अंगण आपल्याला दिसते. विटी हा शब्द वीटेपासून आला ही व्युत्पत्तीही याला पूरकच आहे. त्याच शतकातील तुकोबांच्या गाथेत हुतुतू, चेंडूफळी यांच्या शेजारी विटूदांडूच्या नावाखालीही अभंगरचना येते, हे येथे आठवावे.

नीलकंठांची मापे लक्षपूर्वक पाहिली पाहिजेत. प्रादेश म्हणजे ताणलेल्या अंगठ्यापासून तर्जनीपर्यंतचे अंतर, शास्त्राने बारा अंगुळे. हस्त म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, चोवीस अंगुळे. दांडू विटीच्या दुप्पट. (व्यवहारात विटी याहून आखूड करतात, कारण आखूड विटी चपळ उडते.) पण खरी गोम अशी की ही दोन्ही मापे ज्याच्या त्याच्या देहाची आहेत. आठ वर्षांच्या मुलाचा हात आखूड, म्हणून त्याचा दांडू आखूड, म्हणून त्याच्या लहान टोल्यातही पुष्कळ दांडू भरतात. थोराड मुलाचा टोला मोठा, पण त्याचे मापही मोठे. वेगवेगळ्या वयाची पोरे एका डावात खेळू शकतात ती यामुळे. दांडू निवडायचा म्हणजे हात पुढे करून कोपरापासून मोजायचा, ही रीत केवळ सोयीची नाही. तीत न्याय आहे.

सोलापुरात हे माप कोणाला समजावून सांगावे लागू नये. हातमागाचे गाव ते. दोन हातांचा एक वार आणि नऊ वारांचे लुगडे, म्हणजे अठरा हात, हे गणित तिथल्या घराघरांत होते. विणकराचा धोटा दोन्ही टोकांना निमुळता, विटीच्या थोरल्या भावासारखा दिसतो. त्यावरून कोणी व्युत्पत्ती काढू नये म्हणजे झाले. लाकडाचे म्हणाल तर या कोरड्या मुलखात बाभूळ, बोर आणि चिंच हाताशी असतात. बाभळीचा दांडू वजनदार, पण ओला तोडून तसाच वापरला तर तडकतो, चिंचेचा चिवट. मुठीत मावेल इतका जाड, कोलण्यासाठी टोक जरासे तासलेले, गाठ असलीच तर मुठीपासून दूर. याहून अधिक तपशील सुतार सांगेल.

आता गणतीकडे. दांडूने अंतर मोजताना मराठी मुले एक, दोन, तीन म्हणत नाहीत. वकट, लेंड, मूंड, नाल असे म्हणतात. सातांचे एक आवर्तन झाले की पुन्हा वकटपासून. शिवाय अनेक ठिकाणी मोजणी ज्या शब्दावर थांबेल त्यावर पुढचा टोला कसा मारायचा हे ठरते : कधी विटी पावलावर ठेवून, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर. म्हणजे हे शब्द नुसते अंक नाहीत, आज्ञाही आहेत. आणि दांडूची लांबी बदलली की मोजणी वेगळ्या शब्दावर थांबते, त्यामुळे पुढचा टोला सोपा की अवघड हेही दांडूच्या निवडीवर अवलंबून राहते!

हे शब्द कुठले? कन्नडमध्ये एक, दोन म्हणजे ओंदु, एरडु; ते जुळत नाहीत. तमिळमधले रेंडु आणि नालु जवळचे आहेत, पण एकाला ओन्नु. तेलुगूत मात्र ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. वकट हा शब्द निर्णायक ठरतो. तेलुगूत शब्दारंभीच्या ‘ओ’ला बोलण्यात ‘व’ची छटा येते, ‘वोकटि’ असे लेखनही आढळते. मराठी कानाने तेच टिपले. रेंडचे लेंड होणे हा र-लचा नेहमीचा व्यवहार, आणि काही ठिकाणी ‘रेंड’ हेच रूप राहिले आहे.

‘मूंड’ अधिक गमतीचा आहे. आजच्या तेलुगूत मूडु, अनुस्वार नाही. मग मराठीत तो आला कुठून? एक उत्तर असे की लेंडच्या शेजारामुळे, यमकाच्या ओढीने, मूडचे मूंड झाले. मुलांच्या गणतीत असे घडते. दुसरे उत्तर मला अधिक पटते. तेलुगूच्या ग्रांथिक लेखनात या शब्दावर ‘अरसुन्ना’ म्हणजे अर्धअनुस्वार लिहीत. पूर्वी तिथे अनुनासिक उच्चार होता, याची ती खूण. आपल्याकडे १९६२च्या लेखननियमांपूर्वी अनुच्चारित अनुस्वार लिहीत असत, तसाच हा प्रकार. गोंडीतही तीनला ‘मूंद’ म्हणतात. तेव्हा तेलुगू उच्चारातून पुसट झालेला अनुनासिक मराठी पोरांच्या तोंडी शाबूत राहिला असणे शक्य आहे. तसे असेल, तर हा शब्द मराठीत आला तो अनुनासिक जिवंत असताना, म्हणजे बराच पूर्वी.

येथे सोलापूर आपल्याला एका सोप्या कथेचा मोह घालते. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, शहराचा पूर्व भाग तेलुगूभाषकांनी गजबजला, त्यांच्या मुलांनी मराठी मुलांना वकट-लेंड शिकवले आणि तिथून ते महाराष्ट्रभर गेले. कथा सुबक आहे, भाषिक सलोख्याच्या भाषणात शोभेल अशीही आहे. पण मला ती मान्य नाही. ही गणती कोकणातही आहे, देशावरही आहे, विदर्भातही आहे. गिरण्यांच्या शहरातून कोकणातल्या वाडीपर्यंत पोरांच्या खेळाचे शब्द जावेत, इतकी वाट मधे कोणी दाखवलेली नाही. मूंडचा अनुनासिकही जुन्या काळाकडे बोट दाखवतो. उलट मराठी आणि तेलुगू प्रदेश गिरण्यांच्या कितीतरी आधीपासून एकमेकांना लागून आहेत. मराठवाडा आणि तेलंगण तर १९४८पर्यंत निजामाच्या एकाच राज्यात होते, आणि सोलापूर त्या राज्याच्या वेशीवर. देवघेवीला गिरणीच्या भोंग्याची वाट पाहावी लागली नसावी.

मराठीच्या द्राविडी अंगाची चर्चा आपल्याकडे झाली आहे. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१मध्ये मराठीच्या घडणीत दोन भाषाकुलांच्या मिश्रणाचा प्रश्न मांडला, विश्वनाथ खैरे यांचे ‘द्रविड महाराष्ट्र’ १९७७चे, रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४चा. या चर्चेत दैवते, स्थलनामे, नातेवाचक शब्द आले. अंक हे भाषेच्या गाभ्यातले शब्द, ते सहसा उसने घेतले जात नाहीत, असे भाषाशास्त्र सांगते. मराठीनेही व्यवहारासाठी ते घेतले नाहीत. बाजारात एक-दोन-तीन, गलापाशी वकट-लेंड-मूंड. म्हणजे गाभ्यात शिरकाव न मिळालेले शब्द खेळाच्या रिंगणात राहिले आणि तिथे त्यांना कोणी परके मानले नाही. व्याकरण शिकवणाऱ्यांनी या रिंगणाकडे अधिक पाहायला हवे होते.

सोलापूरचे वेगळेपण आहे ते इथे. पुण्याच्या किंवा रत्नागिरीच्या मुलाला वकट हा निरर्थक, मंत्रासारखा शब्द. सोलापूरच्या साखर पेठेतील तेलुगू घरातल्या मुलाला तो अर्थासकट ऐकू येतो. घरी आई ओकटि, रेंडु म्हणून मोजते आणि गल्लीत मराठी गडी वकट, लेंड म्हणून. अन्यत्र जी व्युत्पत्ती अभ्यासकाला शोधावी लागते, ती तिथे कानावर आपोआप पडते.

हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेची सवय असलेल्यांना या गणतीचे पाठभेदही रंजक वाटतील. पहिले चार शब्द बहुतेक सर्वत्र स्थिर आहेत. नालनंतर पाठ फुटतात. ‘आर’ पुष्कळ ठिकाणी टिकला आहे; तेलुगूत तो सहा, पण मराठी गणतीत काही गावी नालला लागूनच येतो, म्हणजे मधला पाच गळाला. कुठे ‘डोळा’ हा सरळ मराठी शब्द शिरला आहे, कारण त्या मोजणीवर विटी डोळ्यावर ठेवून मारायची असते. टोल्याच्या रीतीने अंकाची जागा घेतली. कारण उघड आहे. टोला कसाही बसो, आवर्तनाचा आरंभ प्रत्येक मोजणीत घोकला जातो. शेवटचे शब्द विटी दूर गेली तरच तोंडी येतात. सातव्या जागी तेलुगू ‘एडु’ यायला हवा होता. तिथे कोणी झक्कू म्हणते, कोणी जंबू, आणि दांडू पुढे टाकून पुन्हा वकट.