तबकडी तीच, प्रकाश वेगळा

माझ्या टेबलावर तीन तबकड्या आहेत : एक सीडी, एक डीव्हीडी आणि एक ब्लू-रे. तिन्हींचा व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. खिडकीच्या उजेडात तिरप्या धरल्या की पहिल्या दोघींवर इंद्रधनुष्य उमटते. ब्लू-रे मात्र जवळजवळ कोरीच राहते. सीडीत साधारण ७०० मेगाबाइट मावतात, डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट आणि ब्लू-रेच्या एका थरात २५. आकार तोच असताना ही वाढ कुठून आली, हे शोधू लागलो तेव्हा लक्षात आले, की हा इतिहास तबकडीचा कमी आणि प्रकाशाचा अधिक आहे.

तिन्हींची मूळ युक्ती एकच. प्लास्टिकच्या आत सर्पिल वाटेवर सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांवर आरशासारखा पातळ थर. लेसरचा ठिपका वाटेवरून सरकतो. सपाट जागेवरून प्रकाश भरपूर परततो, खळग्यावरून कमी. हा फरक जिथे पडतो, त्या कडेवर ‘एक’ वाचायचा. दोन कडांमधल्या अंतरात शून्ये. गाणे असो वा चित्रपट, सारे या कडांच्या अंतरांतच लिहिलेले असते.

वाटा दाटीने आखायच्या तर ठिपका लहान हवा. पण तो किती लहान होईल, हे प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंगाची ताकद ठरवते. १९८२मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी डोळ्यांना न दिसणारा ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर होता. १९९६मध्ये डीव्हीडी आली ती ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या लेसरवर. पुढची पायरी निळी, आणि तिथेच गाडी अडली होती.

निळा प्रकाश देणाऱ्या अर्धवाहकासाठी बहुतेक संशोधकांनी झिंक सेलेनाइडवर भिस्त ठेवली होती. गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणे अशक्यप्राय मानले जाई. जपानमध्ये नागोया येथे इसामु आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी तोच हट्ट धरला. १९८६मध्ये त्यांना नीलमाच्या पायावर चांगला स्फटिक मिळाला. शिकोकू बेटावरच्या आनान गावातल्या निचिया या रसायन कंपनीत शुजी नाकामुरा स्वतः यंत्रे जुळवत त्याच पदार्थामागे लागले होते. १९९३मध्ये त्यांचा तेजस्वी निळा दिवा जगापुढे आला आणि पाठोपाठ, १९९५-९६च्या सुमारास, त्याच पदार्थाचा लेसर. २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल या तिघांना निळ्या दिव्यासाठी मिळाले.

कंपनीने एका महत्त्वाच्या पेटंटसाठी नाकामुरांना दिले होते २० हजार येन. ते न्यायालयात गेले. २००४मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २,००० कोटी येन देण्याचा निकाल दिला. पुढच्या वर्षी सुमारे ८४ कोटींवर तडजोड झाली. शोध लावणाऱ्याचा वाटा किती, हा प्रश्न त्या तडजोडीने मिटला असे मला वाटत नाही.

ब्लू-रेचा लेसर ४०५ नॅनोमीटरचा, म्हणजे खरे तर जांभळा. तांबड्याऐवजी तो वापरल्याने ठिपक्याचे क्षेत्रफळ सुमारे अडीच पटींनी घटले आणि अधिक रुंद कोनातून प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाने दुपटीने. अडीच दुणे पाच, ४.७चे २५ झाले ते या हिशेबाने. मात्र असे भिंग तबकडीचा जरासा कलही सहन करत नाही. म्हणून माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणावा लागला. मग ओरखड्यांची भीती आली. सुरुवातीच्या तबकड्या खोक्यात बंद असत. कठीण लेप सापडल्यावर त्या मोकळ्या झाल्या. प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडीने डीव्हीडीचेच ०.६ मिलिमीटरचे अंतर ठेवले. त्यामुळे जुनी यंत्रसामग्री चालली, पण थरामागे १५ गिगाबाइटच मावले. फेब्रुवारी २००८मध्ये तोशिबाने माघार घेतली.

जिंकलेल्या ब्लू-रेपुढेही वाट फारशी उरली नव्हती. जांभळ्यापलीकडचा अतिनील प्रकाश साधे प्लास्टिक शोषून घेते आणि त्याने खराबही होते. तेव्हा थरांवर थर चढवून १०० आणि १२८ गिगाबाइटपर्यंत मजल गेली. दरम्यान लोक चित्रपट इंटरनेटवरून पाहू लागले. फेब्रुवारी २०२५मध्ये सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले.

त्या न उमटणाऱ्या इंद्रधनुष्याचे कारणही आता कळते. सीडीच्या दोन वाटांमध्ये १.६ मायक्रॉनचे अंतर असते, डीव्हीडीत ०.७४चे, ब्लू-रेत ०.३२चे. हे शेवटचे अंतर डोळ्यांना दिसणाऱ्या कोणत्याही रंगाच्या तरंगलांबीहून कमी आहे, म्हणून रंग वेगळे होऊन आपल्याकडे परतत नाहीत. फार तिरपे धरले तर कडेला थोडी निळी-जांभळी झाक तेवढी दिसते. मी ती तबकडी पुन्हा खिडकीशी नेली. झाक दिसली.